ओंजळभर बटरस्कॉच

१

सोमवारी दुपारी युनियन ऑफिसातलं कपाट उघडलं, तेव्हा आत सगळं जागच्या जागी होतं. जुनी पोस्टरं होती, घोषणा द्यायचा भोंगा होता, मॅनेजमेंटच्या दारात फुगवून उभा करायचा रबरी उंदीरही घडी घालून पडला होता. नव्हता तो फक्त डबा.

नीलांबरी वझलवारने कपाटात डोकं घालून पुन्हा पाहिलं. डबा काही सुईएवढा नव्हता. दहा किलो तांदूळ सहज मावतील असा, कडीचा, स्टीलचा. नागपूर सोडून अमेरिकेत येताना आईने दिलेला आणि बाहेरून देवनागरीत ‘नीलांबरी’ असं नाव घातलेला. हॉस्पिटलच्या सगळ्या कामगारांची मतं त्यात होती. संपावर जायचं, की मॅनेजमेंट देतंय त्या करारावर सही करायची, याचा निकाल त्या डब्यात बंद होता.

मतं डब्यात का, तर मतदानाच्या पहिल्याच सकाळी युनियनची प्लॅस्टिकची पेटी खाली पडून फुटली. ब्लड बँकेत काम करणाऱ्या नीलांबरीचं घर पार्सिपनीतच, दहा मिनिटांवर. ती डबा घेऊन आली. झाकणाला फट पाडू या, असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा ‘त्यापेक्षा माझा हात कापा’ म्हणाली. मग प्रत्येकाने झाकण जरासं उचलून चिठ्ठी टाकायची, असं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी झाकणाभोवती टेप गुंडाळून त्यावर दोन्ही गटांनी सह्या केल्या होत्या, आणि आज मोजणी होती.

दोन गट, आणि दोन्ही डावे. एखादा उजवा असता तर बरं झालं असतं, निदान भांडायला परका माणूस मिळाला असता. अध्यक्ष लेनर्डचा ‘युनिटी’ गट म्हणायचा, आधी करार पदरात पाडून घ्या, मग ताकद वाढवा. अनिका सोहोनीचा ‘फाइटबॅक’ गट म्हणायचा, आत्ता संप नाही तर कधीच नाही. क्रांती दोघांनाही हवी होती. वाद होता तो तिच्या तारखेवरून. नीलांबरीला याचं नवल नव्हतं. गणपतीच्या मखरावरून फुटलेलं मराठी मंडळ तिने या डोळ्यांनी पाहिलं होतं.

“कुलूप फोडलेलं नाही,” लेनर्ड दाराकडे बघत म्हणाला. “म्हणजे किल्लीने उघडलंय.”

ऑफिसच्या किल्ल्या तीनच होत्या. एक लेनर्डकडे, एक निवडणूक बघणाऱ्या ऋषीकडे आणि तिसरी कामगारांच्या तक्रारी सोडवणाऱ्या नीलांबरीकडे.

“माझी घरात आहे. दाराजवळच्या खुंटीवर. ती कुठे गेलेली नाही,” नीलांबरी म्हणाली. कोणी पुढे काही विचारलं नाही. ती कुठल्याच गटात नव्हती, आणि रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल कुठे झाली ते शोधून काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दोन्ही गटांनी एकमुखाने तपास तिच्यावर सोपवला. कित्येक महिन्यांत त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही वाटला. पुढे या अभिमानाचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची होती.

२

लेनर्ड बॉयलर रूममध्ये काम करायचा. सदुसष्ट वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेला. युनियन ऑफिसातल्या त्याच्या टेबलावर पिवळ्या कागदातल्या बटरस्कॉच गोळ्यांचा वाडगा कायम भरलेला असायचा. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला तो आधी गोळी द्यायचा.

“शनिवारी मी इथेच होतो, सकाळभर,” तो आपणहून म्हणाला. “कपाट उघडलं नाही. कशाला उघडू?”

“एकटाच होतास?”

“एकटाच. नीला, मी संपाच्या विरोधात आहे हे जगजाहीर आहे. पण मतांना मी हात लावीन?”

नीलांबरीने मान डोलावली. पण मनात आलं, की मोजणी लांबली तर फायदा याचाच. थंडी पडेल, पोरांचा जोश उतरेल.

ऋषी पुण्याचा. लॅबची कंप्युटर सिस्टिम सांभाळायचा, व्हिसावर होता. छातीवर फाइटबॅकचा लाल बिल्ला होता, पण बोलताना नजर जमिनीवर.

“काकू, तुम्हाला म्हणून सांगतो. मी ‘नो’ केलंय. संप लांबला आणि जॉब गेला तर माझ्या व्हिसाचं काय, हे कोणी नीट सांगतच नाही यार. पण लंचला सगळे बिल्ला लावतात, मग मीही लावतो.” त्याचे कान लाल झाले. “प्लीज, अनिकाला नका सांगू.”

“आणि डबा?”

“शुक्रवारी टेप लावायच्या आधी तासभर मी एकटाच त्याच्यासोबत बसलो होतो. काही करायचं असतं तर तेव्हाच नसतं का केलं?”

हे बाकी बिनतोड होतं.

राहिली अनिका. श्वसनविभागात थेरपिस्ट, इथेच जन्मलेली, बोलायला लागली की सभागृह उभं राहायचं. तिची आई शरयू म्हणजे नीलांबरीची पंचवीस वर्षांची मैत्रीण. अनिका नीलांबरीकडे कधी बेल वाजवून आली नव्हती, थेट फ्रीज उघडायची.

“काकू, शनिवारी मी तर तुमच्याकडेच होते ना! आय वॉज मेकिंग चकली. वेल, ट्राइंग टू.”

खरंच होतं. दिवाळीचा फराळ करायला मायलेकी दुपारपासून आल्या होत्या. शरयू सोऱ्या घेऊन बसली होती, अनिकाच्या चकल्या तेलात जाऊन सुटत होत्या आणि तिघी हसत होत्या. मध्ये लाडवांना बेसन कमी पडलं, म्हणून अनिका तेवढी गाडी काढून गेली आणि ‘दुकानात संपलंय’ म्हणत हात हलवत परत आली होती. लाडू राहूनच गेले.

“आणि व्हाय वुड आय स्टील इट?” अनिका म्हणाली. “वी वेअर विनिंग.”

नीलांबरीने तिच्या पाठीवर हात ठेवला. या पोरीला प्रश्न विचारायची वेळ यावी, याचं तिला वाईट वाटत होतं.

३

बुधवारी सकाळी ऋषीचा फोन आला. “काकू, लवकर या. डबा परत आलाय.”

कपाटात, होता त्याच जागी डबा उभा होता. टेप कापलेली, कडी व्यवस्थित लावलेली. ऑफिसात पंधरावीस माणसं जमली होती. नीलांबरीने कडी काढली. मतं नव्हती. तळाशी ओंजळभर बटरस्कॉच गोळ्या होत्या, पिवळ्या कागदातल्या.

सगळ्यांनी आधी डब्यात पाहिलं, मग टेबलावरच्या वाडग्याकडे, मग लेनर्डकडे.

“ही इज लाफिंग ॲट अस!” फाइटबॅकमधला एक जण ओरडला. “आमची मतं खाल्ली आणि वर गोळ्या वाटतोय!”

गलका झाला. कोणी ‘सेलआउट’ म्हणालं, कोणी त्याहून वाईट. एरवी अशा वेळी पहिला आवाज अनिकाचा असायचा. आज ती भिंतीला टेकून अंगठ्याचं नख कुरतडत होती. म्हाताऱ्याची कीव आली असेल, पोर मनाने चांगली आहे, असं नीलांबरीला वाटलं.

“मिसेस वझलवार, तपास तुमच्याकडे आहे,” कोणीतरी म्हणालं. “तुम्ही सांगा.”

नीलांबरीने हिशेब मांडला. किल्ली याच्याकडे. शनिवारी इथे हाच एकटा. फायदा याचा. गोळ्या याच्या. ब्लड बँकेत चार चाचण्या एकच उत्तर देतात, तेव्हा ती अहवालावर सही करते.

“खुणा तर लेनर्डकडेच जातात,” ती म्हणाली.

लेनर्डने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि ऑफिसची किल्ली कडीतून सोडवायला लागला. बोटांना सांधेदुखी होती, ती लवकर सुटेना. सगळे बघत राहिले, मदत कोणी केली नाही. शेवटी ती निघाली. त्याने ती टेबलावर ठेवली आणि लंगडत जिना उतरून गेला.

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये सभा ठरली. विषय दोनच होते, लेनर्डला युनियनमधून काढायचं आणि लगेच हात वर करून संप ठरवायचा. चिठ्ठ्यांवर आता कोणाचा विश्वास उरला नव्हता, आणि चिडलेल्या सभेत हात वर न करण्याची छाती कोणाची असते?

४

गुरुवारी संध्याकाळी नीलांबरीची बेल वाजली. दारात ऋषी, हातात तिचा छोटा डबा. त्याची बायको भारतात, म्हणून नीलांबरीने त्याला फराळ भरून दिला होता.

“काकू, चकल्या एक नंबर. हा तुमचा डबा.”

तिने सवयीने झाकण उघडलं. आत हॅलोवीनची उरलेली चार चॉकलेटं होती.

“हे रे काय?”

“रिकामा कसा देणार?” ऋषी ओशाळून म्हणाला. “घरात साखरसुद्धा नव्हती. लॅबच्या बाउलमध्ये ही पडली होती, तीच टाकली. आई म्हणते, काहीही टाक, पण शेजारणीचा डबा रिकामा पाठवू नको.”

नीलांबरी दारातच उभी राहिली. चॉकलेटं हातात घेऊन ती बघत राहिली.

“काकू? बरं वाटत नाहीये का?”

“आत ये,” ती म्हणाली. “मला एक सांग. तुला कोणाची चोरी लपवायची आहे आणि तुझ्या हातात एक मोठा डबा आहे. काय करशील?”

“कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकीन. हायवेलगत शंभर आहेत.”

“परत आणून ठेवशील?”

“वेडा आहे का मी? परत आणताना सापडलो तर?”

“तरी कोणीतरी आणून ठेवला. धोका पत्करून आणला. का? त्यावर माझं नाव आहे, ते ज्याला वाचता येतं त्याने आणला. आणि आणला तो आणला, ठेवताना त्याला रिकामा ठेववेना. समोर वाडगा होता, त्यातली ओंजळ आत टाकली. आम्ही सगळे त्याला खिजवणं समजलो. लेनर्ड बिचारा डब्यात गोळ्या कशाला टाकेल? त्याला ही रीत कुठे माहीत? आणि मला माहीत असून मला दिसली नाही. साखर असती तर मी चटकन ओळखलं असतं. पिवळ्या कागदात गुंडाळली होती, तर ओळखली नाही.”

ऋषी पांढरा पडला. “काकू, म्हणजे आपल्यातलं कोणीतरी… मी नाही हो! आईशपथ.”

“तू नाहीस. तू तासभर डब्याजवळ एकटा होतास, तुला चोरायची गरज नव्हती.”

“पण मग किल्ली? लेनर्डची, माझी, आणि…”

तो थांबला. दोघांची नजर एकदमच दाराजवळच्या खुंटीवर गेली. किल्ली तिथेच होती, चपलांच्या रॅकच्या वर. येता-जाता कोणाच्याही हाताला लागेल अशी.

शनिवारी दुपारी एकच माणूस या दारातून बाहेर जाऊन परत आला होता, बेसन आणायला. आणि मंगळवारी संध्याकाळी आईचा विसरलेला सोऱ्या न्यायला तोच माणूस आला होता, तासाभराने सोऱ्याची राहिलेली चकती न्यायला पुन्हा आला होता, आणि जाताना नीलांबरीच्या गळ्यात पडून गेला होता.

दिवाळीच्या आठवड्यात, पार्सिपनीत, देशी दुकानात बेसन संपलं! इतकी उघडी थाप. तळणाच्या नादात तिने ती मुकाट गिळली होती, कारण ती थाप घरातल्या मुलीने मारली होती.

५

सोहोनींच्या घरापुढे अनिका गाडीतून फलक काढत होती. उद्याच्या सभेचे.

“अनिका, बेसन मिळालं का गं शेवटी?”

“हं?” तिने हसून वर पाहिलं. नीलांबरी हसत नव्हती. अनिकाचं हसू हळूहळू विरलं आणि हातातला फलक तिने खाली ठेवला.

“मला फक्त बघायचं होतं,” ती म्हणाली. “ऑनेस्टली, काकू. आपण किती मतांनी जिंकतोय ते बघून परत ठेवणार होते. कापलेल्या टेपवर मी ट्रान्सपरंट टेप लावणार होते, सह्या दिसतील अशी. पण आय काउंटेड देम… आणि आम्ही हरलो होतो. थोडक्यात नाही, खूप. माझ्याच फाइटबॅकमधल्या लोकांनी ‘नो’ केलं होतं. जे माझ्यासमोर मूठ वर करून ओरडत होते ना, त्यांनी.”

“मग?”

“मग श्रेड केलं सगळं. वाटलं, दे आर स्केअर्ड, दॅट्स ऑल. पुन्हा मत घेतलं, सगळ्यांसमोर घेतलं, तर धीट होतील.”

“डबा का परत आणलास?”

“फेकणारच होते. पण त्याच्यावर तुमचं नाव आहे. तुमच्या आईने दिलेला.” तिचे डोळे भरले. “तो नाही फेकता आला.”

“मतं फेकता आली.”

अनिकाने मान खाली घातली.

“आणि गोळ्या?”

“त्या गो…” ती बोलता बोलता अडखळली. तिचा चेहराच उतरला. “दॅट वॉज मी टू. मी असं डेलिबरेटली नाही केलं, काकू. आई नेहमी म्हणते ना, रिकामा नाही द्यायचा. हात आपोआप गेला. बुधवारी तुम्ही कडी काढलीत, तेव्हा मला क्लिक झालं. सगळे लेनर्डकडे बघायला लागले, आणि मी… आय जस्ट स्टूड देअर.”

डबा पळवला हा एक गुन्हा. पण एक म्हातारा सुजलेल्या बोटांनी किल्ली सोडवत होता आणि ही नख कुरतडत उभी होती, हे नीलांबरीला सहन होईना. आणि त्या म्हाताऱ्यावर बोट कोणी दाखवलं होतं? तिने स्वतःच. पोरीला रागवायच्या आधी तिला स्वतःचीच शरम वाटली.

दार उघडून शरयू बाहेर आली होती. तिने किती ऐकलं कोण जाणे. तिने मुलीकडे पाहिलंच नाही, नीलांबरीचा हात धरला. “नीलू, हे घरातल्या घरात नाही का मिटवता येणार? डबा तर मिळाला ना तुला?”

पंचवीस वर्षांत शरयूने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं.

“उद्या तू बोल,” नीलांबरी अनिकाला म्हणाली. “नाही बोललीस तर मी बोलेन.” आणि शरयूच्या हातातून हात सोडवून घेताना तिला रडू आलं.

६

हॉल गच्च भरला होता. लेनर्ड पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. अनिका व्यासपीठाजवळ, शरयू आलेली नव्हती. सभापतीने विचारलं, ठरावावर कोणाला बोलायचं आहे का? नीलांबरीने अनिकाकडे पाहिलं. अनिका उठली नाही.

मग नीलांबरी डबा घेऊन उठली.

“माझा तपास चुकला,” ती म्हणाली. “चोर कोणत्या किल्लीने आत गेला, सांगते. माझ्या. मी तीन किल्ल्यांपैकी दोनच तपासल्या, कारण तिसरी माझ्या घरात होती, आणि आपल्या घरात चोर येत नाही अशी माझी समजूत होती.”

तिने डबा टेबलावर ठेवला.

“दुसरं, गोळ्या. आमच्यात दुसऱ्याचा डबा परत देताना रिकामा देत नाहीत. साखर टाकतात, फळ टाकतात, काहीच नसलं तर मूठभर तांदूळ टाकतात. रिकामा डबा परत दिला, तर आमचं-तुमचं काही उरलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. लेनर्डला हे माहीत नव्हतं. ज्याने गोळ्या टाकल्या, त्याला माहीत होतं. खुणा लेनर्डकडे जात नव्हत्या. त्या माझ्या स्वयंपाकघराकडे येत होत्या, आणि मी बोट त्याच्याकडे दाखवलं.”

तिने श्वास घेतला. आता नाव घ्यायचं होतं. ते जिभेवर येईना.

“इट वॉज मी,” मागून आवाज आला. अनिका उभी होती. तिने सगळं सांगितलं, टाळ्या घेणाऱ्या आवाजात नाही, लहान मुलगी सांगते तसं. हरल्याचंही सांगितलं. ‘आमच्यातल्याच लोकांनी नको म्हटलं’ असं ती म्हणाली, तेव्हा लाल बिल्लेवाल्यांनी एकमेकांच्या नजरा टाळल्या. ऋषी बुटांकडे बघत होता. त्या हॉलमध्ये मान वर असलेला माणूस एकच होता, आणि तो कोणाकडेच बघत नव्हता.

पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, नव्या प्लॅस्टिकच्या पेटीत. संपाचा प्रस्ताव पडला. मॅनेजमेंटला सगळी खबर लागली होती, त्यांनी आधी देऊ केलं होतं त्यातलंही काही काढून घेतलं, आणि ते मुकाट्याने मान्य करावं लागलं. अनिकाने युनियन सोडली. शरयूचा फोन येईनासा झाला. लेनर्डला पुन्हा अध्यक्ष हो म्हणून सगळे विनवायला गेले, तर तो नको म्हणाला.

नीलांबरीने देशी दुकानातून बेसन आणलं. तिथे थैल्यांची थप्पी छताला लागली होती. तिने लाडू वळले, चकल्या तळल्या, करंज्या केल्या, आणि आईचा तो मोठा डबा काठोकाठ भरून लेनर्डच्या घरी गेली. त्याने दार उघडलं.

“लेनर्ड, मी चुकले. मला माफ कर.”

“थँक यू, नीला. खूप दिलंस,” तो म्हणाला. डबा घेतला, आणि दार हळूच लावलं.

थँक्सगिव्हिंग झालं, बर्फ पडायला लागलं. एके सकाळी ती कामावर गेली तर ब्लड बँकेच्या काउंटरवर डबा होता. बॉयलर रूममधला कोणीतरी ठेवून गेला, असं तिथली मुलगी म्हणाली. डबा लख्ख घासलेला होता, टेपचा चिकटाही खरवडून काढला होता, नाव पुढे येईल असा ठेवला होता. इतक्या वर्षांत नीलांबरीनेही तो इतका चकचकीत घासला नव्हता.

तिने कडी काढली, झाकण उचललं आणि आत पाहिलं. मग उगाच हात घालून तळही चाचपला.

डबा रिकामा होता. आणि आता लेनर्डला रीत माहीत होती. भर सभेत तिनेच ती सांगितली होती.